सोशिकपणाचं कौतुक आता पुरे

कायमचं दुखणं मागे लागलेल्या माणसाला आपल्याकडे दोनच बिरुदं मिळतात. तोंडातून ब्र न काढता राबत राहिला तर तो सोशिक, बोलून दाखवलं तर नाटकी. ताप आलेल्याला आपण झोपू देतो, हाताला प्लास्टर असलेल्याच्या हातून पिशवी काढून घेतो. चार वर्षं कंबर दुखणाऱ्या बाईच्या वाट्याला मात्र ना अंथरूण येतं ना मदत, कारण तिच्या कंबरेवर काहीच दिसत नाही.

मुंबईत नायगावच्या बीडीडी चाळींत हे वर्षानुवर्षं पाहता आलं. 1920च्या दशकात बांधलेल्या या चाळी म्हणजे तळमजला आणि वर तीन मजले, 160 चौरस फुटांची एकेक खोली, संडास सामाईक. पोळ्या जमिनीवर बसून लाटायच्या, भांडी आणि कपडे मोरीत उकिडवं बसून धुवायचे, फरशी वाकून पुसायची, रात्री गाद्या ओढायच्या आणि सकाळी पुन्हा रचायच्या. तिसऱ्या मजल्यावरची बाई भाजी घेऊन चढते तेव्हा दर वळणावर थांबते, एक हात कठड्यावर आणि दुसरा गुडघ्यावर. वरून कुणाची चाहूल लागली की ती ताठ उभी राहते आणि हसून विचारते, “काय गं, पाणी गेलं का?” समोरची म्हणते, “मघाशीच गेलं, काकी.” दोघी आपापल्या वाटेला लागतात. गुडघ्याचा विषय निघत नाही. काकींनी तो निघूच दिलेला नसतो.

ही लपवाछपवी त्यांना आपणच शिकवली. “आमची आई शेवटपर्यंत काम करत होती, कधी हूं का चूं केलं नाही,” हे आपण अभिमानाने सांगतो. आईला कुणी विचारलं होतं का? सोसणाऱ्याची स्तुती करायला पैसा लागत नाही आणि आपल्या अंगावर कामही येत नाही. म्हणूनच ती आपल्याला इतकी सहज सुचते.

वैद्यकशास्त्राने या बाबतीत आपली भूमिका केव्हाच बदलली आहे. तीन महिन्यांहून जास्त काळ टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा येणारी वेदना म्हणजे दीर्घकालीन वेदना. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात तिला स्वतंत्र स्थान आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1979ची आपली व्याख्या 2020मध्ये सुधारली आणि सोबतच्या टिपांत स्पष्ट लिहिलं की माणूस आपल्याला वेदना होते असं सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. दुखतं की नाही हे शेजाऱ्याने किंवा सासूने ठरवायचं नाही, एक्स-रेनेही नाही.

एक्स-रेचं नाव घेतलं, कारण सगळा घोळ तिथेच होतो. फोटोत गुडघा पार झिजलेला दिसतो आणि माणूस मजेत चालत असतो. दुसऱ्याचा फोटो स्वच्छ असतो आणि त्याला जिना चढवत नाही. दुखापत झाल्यावर दुखतं ते शरीराच्या रक्षणासाठी. पण दुखणं महिनोन्‌महिने चाललं की पाठीचा कणा आणि मेंदू यांतल्या मज्जासंस्थेचं जाळंच हळवं होतं. मोटार बंद केली तरी गच्चीवरच्या टाकीचा अलार्म वाजतच राहावा, तसं इजा भरून आल्यावरही शरीर कळ देत राहतं. ती कळ खोटी नसते, मनाचा खेळही नसते. झोप मोडणं, काळजी, घरातली धुसफूस यांनी ती वाढते, कारण वेदनेचा आणि मनःस्थितीचा कारभार एकाच मेंदूत चालतो. “टेन्शनमुळे होतंय” हे वाक्य म्हणूनच अर्धं खरं असतं आणि ते बोलून विषय संपवणं पूर्ण चूक.

न बोलता सोसणाऱ्याची पावलं शेवटी औषधाच्या दुकानाकडे वळतात. संध्याकाळी काउंटरवर ऐका. “दुखण्याच्या द्या चार. मागच्या वेळच्याच.” दुकानदार कात्रीने पट्टीतून चार गोळ्या कापतो, त्यात नेमकं नाव लिहिलेला तुकडा बाजूला राहतो. “उपाशीपोटी नका घेऊ हां, मावशी,” एवढाच काय तो सल्ला. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही औषधं चार दिवसांच्या दुखण्यासाठी उत्तम. रोज, वर्षानुवर्षं, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेतली तर जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, रक्तदाब वाढू शकतो. बीपी आणि मधुमेह असलेल्यांना धोका आणखी मोठा. घटकांची नावं नसलेल्या ‘संधिवाताच्या’ पुड्या याहून वाईट. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळल्याची उदाहरणं आहेत. ती घेणाऱ्याने एकदम बंद न करता पुडीसकट डॉक्टर गाठावा.

मग उपाय काय? पहिली गोष्ट म्हणजे अचूक निदान. दुखण्यासोबत ताप असेल, वजन उतरत असेल, पायातली ताकद जात असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल तर एक दिवसही थांबू नये. असं काही नसेल तर उपचाराचा कणा म्हणजे हालचाल. मांडीचे आणि पाठीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, रोज थोडं थोडं वाढवत नेलेलं चालणं, झोपेची शिस्त. बरं वाटलं त्या दिवशी आठवड्याचं काम उरकायचं आणि पुढचे तीन दिवस आडवं पडायचं, ही सवय मोडावी लागते. काम तुकड्यांत करायचं, मध्ये थांबायचं, आणि दुखायला लागण्याआधी थांबायचं. नसांच्या दुखण्यावर डॉक्टर कधी अल्प मात्रेत नैराश्यावरचं औषध देतात. ते वेदनेचे संदेश मंदावण्यासाठी असतं. “मला वेडी ठरवलं” म्हणून ते केराच्या डब्यात टाकण्याचं कारण नाही. समुपदेशनाचंही तसंच.

नायगावकराला यासाठी लांब जायला नको. परळचं केईएम रुग्णालय पायी गाठता येतं. पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर 1950च्या दशकाच्या सुरुवातीला फिजिओथेरपीचं रीतसर शिक्षण देशात सुरू झालं ते याच आवारात. मोठ्या रुग्णालयांत वेदनेवर उपचार करणारे भूलतज्ज्ञही असतात. भूल देण्यापलीकडे त्यांचं काही काम असतं हेच आपल्याला ठाऊक नसतं, त्यामुळे आपण विचारत नाही.

पण डॉक्टरने कागदावर “वाकून काम करू नका” लिहिलं आणि घरी फरशी तशीच पडून असली, तर त्या कागदाचा उपयोग काय? हा प्रश्न औषधाचा नाही, न्यायाचा आहे. आणि याच मातीत तो पूर्वी विचारला गेला आहे. 1884मध्ये सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि कामावर जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, या मागण्या त्यात होत्या. जायबंदी कामगार आळशी नसतो, हे तेव्हा सांगावं लागलं. 1890मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. अलीकडचं उदाहरण नायगावच्या पोलीस वसाहतीला चांगलं माहीत आहे. बारा-बारा, सोळा-सोळा तास बंदोबस्तात उभं राहून पाठीचे आणि पायांचे विकार घेऊन घरी येणाऱ्या शिपायांसाठी 2016मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. कल्पना एका साध्या पोलीस कर्मचाऱ्याची होती, मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. दोन्ही वेळा माणसांना आणखी सोसायला सांगितलं गेलं नाही. कामाची रीत बदलली गेली.

घरात मात्र ती बदलली नाही. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार घरधन्याला मिळाला, घरच्या बाईचं काम त्या दिवशी वाढलं. गिरणगावात डबे करणाऱ्या खानावळवाल्यांना प्रेमाताई पुरव यांनी 1975मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, तेव्हा त्यांच्या पोळ्या लाटण्याला धंदा म्हणून मान मिळाला. तेच लाटणं घरच्यांसाठी असलं की आजही ‘तिला काय काम असतं’ या सदरात जमा होतं.

“मग कामं कुणी करायची?” असं विचारलं जातं. ज्याचे गुडघे शाबूत आहेत त्याने. उभ्याने वापरायचा मॉप आणि ओट्याशी ठेवायचं उंच स्टूल वर्षानुवर्षांच्या गोळ्यांपेक्षा महाग नाही. पाण्याची बादली, गॅसचं सिलिंडर, गाद्या, बाजाराची पिशवी ही कामं मुलाने आणि नवऱ्याने रोज केली तर ते उपकार ठरत नाहीत. तो उपचाराचाच भाग आहे. दुखणाऱ्यानेही आपल्या वाट्याचा व्यायाम चुकवू नये. सगळं काम काढून घेऊन माणसाला खाटेवर बसवणं हा दुसरा अन्याय आहे, कारण न हललेलं शरीर जास्तच दुखतं.

तेव्हा या आठवड्यात घरातल्या त्या माणसाला एकदा नीट विचारा: कुठे दुखतं, केव्हापासून, रोज गोळ्या किती घेता? उत्तर मधेच तोडू नका, “वयच झालं आता” असं म्हणू नका. गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घाला, अर्ध्या दिवसाची रजा टाका आणि त्यांच्यासोबत केसपेपरच्या रांगेत स्वतः उभे राहा.