आजीला विचारणं हीसुद्धा सेवाच



आपण आजी-आजोबांच्या पाया पडतो, औषध वेळेवर देतो. पण त्यांचे दिवस कसे गेले, हे विचारतो का?

1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बालाघाट, भंडारा, नागपूर एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला. आपण मध्य प्रदेशातच राहिलो, राजधानी भोपाळ झाली. ही तारीख पुस्तकात मिळते. पण गोंदियाकडच्या सोयऱ्यांकडे येणंजाणं कसं चालायचं, घरात मराठी कशी टिकली, हे घरचं म्हातारं माणूसच सांगेल. तेव्हाची दहा वर्षांची पोरं आज ऐंशीच्या घरात आहेत.

मग जे त्यांना सांगायचं नाही, तेही खोदून काढायचं का? आम्हाला वाटतं, नाही. भाऊबंदकी, कर्ज, गेलेलं लेकरू, हे दुःख ज्याचं त्याचं. ते गप्प झाले की आपणही गप्प बसावं. रेकॉर्डिंग विचारूनच करावं, ग्रुपवर तर विचारल्याशिवाय टाकूच नये. पण "त्यांना बोलायचं नसेल" असं आपणच ठरवून विचारलंच नाही, तर तो आपला आळस.

दादा-ताईंनो, या रविवारी जवळ बसून एवढंच विचारा: "आजी, तू लहान होतीस तेव्हा घरात कोण कोण होतं गं?" मग फक्त ऐका.