चाक की रस्ता?

देवशिल्पी त्वष्ट्याला इंद्राला मारणारा पुत्र हवा होता. पण 'इंद्रशत्रु' म्हणताना उदात्त, म्हणजे उंच सूर, शेवटच्या अक्षराऐवजी पहिल्यावर पडला आणि अर्थच फिरला: ज्याचा मारेकरी इंद्र, असा वृत्र जन्मला. पतंजलीने महाभाष्यात हाच दाखला दिला आहे.

केजच्या मुलाला फ्रेंच शिकवताना तो दाखला आठवतोच. 'रू' म्हणजे चाक. रस्ता म्हणायचा तर ओठ 'ऊ'चे ठेवून जीभ 'ई'च्या जागी न्यायची. मराठीत हा स्वरच नाही, त्यामुळे पोरगं चाकावरच थांबतं.

मीमांसकांच्या मते शब्द नित्य आहे, उच्चार त्याला केवळ प्रकट करतो. म्हणजे चूक जिभेची, शब्द शाबूत! शिक्षकाला सोयीचंच मत. पॅरिसकर संदर्भावरून रस्ता ओळखतोही. वृत्राला ती सवलत मिळाली नाही.