पानावरचा हट्ट

मुलांच्या पानांत काय वाढावें हें वैद्याला विचारावें; पण वाढलेलें मुलानें खाल्लेंच पाहिजे कीं काय, हा प्रश्न वैद्याच्या अधिकारांतला नव्हे. तो नीतिशास्त्राचा आहे. त्या शास्त्राच्या अध्यापनांत माझीं तीस वर्षें गेलीं असलीं, तरी माझ्याच घरांत तो मला सुटलेला नाहीं, हें वाचकांपुढें आधींच कबूल केलेलें बरें.

आम्ही वाशिमचे. मुलगा पंधरा वर्षांचा, मुलगी सतरा. गेलीं दोन वर्षें रात्रीच्या जेवणांत मुलाचा आणि माझा खटका उडाल्याशिवाय पानें उठत नसत. भाकरी दिसली कीं ‘आज पुन्हा भाकरीच काऊन?’ हा त्याचा पहिला प्रश्न. सोबत अंबाडीची भाजी किंवा पिठलें असलें तर पान सारून तो उठलाच. तासाभरानें हे मानी गृहस्थ बसस्थानकाकडच्या एखाद्या गाड्यावर नूडल्स खातांना कोणाच्या तरी दृष्टीस पडत, नाहीं तर दप्तरांत चटकदार पदार्थांच्या रिकाम्या पुड्या सांपडत. मग माझें व्याख्यान सुरू होई. अन्नाला नांवें ठेवूं नयेत, पिकविणाऱ्याचे श्रम आठवावेत, तुझ्या वयाचे असतांना आम्ही शिळी भाकरी आणि ठेचा खाऊन शाळेंत जात होतों, वगैरे वगैरे. हें व्याख्यान प्रत्येक बापाजवळ तयार असतें. बहुधा तें त्याला त्याच्या बापाकडून वारसाहक्कानेंच मिळालेलें असतें.

त्या व्याख्यानांतील खोट मला गेल्या पावसाळ्यांत रिसोडकडच्या आमच्या शेताच्या बांधावर उभा असतांना उमगली. माझ्या लहानपणीं ज्या रानांत ज्वारी माणसाहून उंच वाढे आणि थंडींत जिच्या कणसांचा हुरडा आम्ही भाजून खात असूं, तेथें नजर पोंचेल तेथवर सोयाबीन होतें. आमच्याच शेतांत नव्हे. १९९८ सालीं अकोल्यापासून वेगळा झालेला हा सबंध जिल्हाच आतां खरिपांत मुख्यतः सोयाबीन पेरतो. हें पीक आमच्या चुलीपर्यंत येत नाहीं. तें गिरणींत जातें. त्याचें तेल पिशवींत भरून आमच्याकडे परत येतें, आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्याला जाते. शेतकऱ्याला मी दोष देत नाहीं. तीन-साडेतीन महिन्यांत हातीं येऊन रोख पैसा देणारें पीक त्यानें कां टाळावें? परंतु ज्या पिढीनें ज्वारी रानांतून काढली, तिनेंच मुलानें ती पानांतून काढली म्हणून संतापावें, यांत न्याय कोणता? दुकानांतून पीठ विकत आणून त्याला ‘आपल्या मातीचें अन्न’ म्हणून मी मुलाला लाजवीत होतों.

शिवाय ‘बाहेरचें खाणें’ म्हणजे काय, हें प्रत्येक पिढी आपल्यापुरतें ठरवीत असते. पुण्याच्या पंचहौद मिशनमधील १८९० सालच्या चहाच्या प्रसंगावरून ग्रामण्य उभें राहिलें आणि रानडे-टिळकांसारख्यांवर प्रायश्चित्ताची पाळी आली. आज तोच चहा दिल्यावांचून पाहुण्याला उंबऱ्याबाहेर जाऊं देणें हा अधर्म ठरतो.

पण सक्तीविरुद्धचा माझ्या मतें खरा पुरावा गांधीजींच्या आत्मचरित्रांत आहे. शाळकरी वयांत मित्राच्या नादानें ते चोरून मांस खात. पुढें तें त्यांनीं सोडलें, तेव्हां मांस खाणें वाईट अशी त्यांची समजूत झालेली नव्हती. उलट देशाला त्याची गरजच आहे असें त्यांना वाटत होतें. बाहेर खाऊन आल्यावर भूक नसल्याची सबब आईला सांगावी लागे, तें त्यांना सोसेना. आमच्या गांवांत आज संध्याकाळीं किती घरांतून ही सबब सांगितली जात असेल! सक्तीनें मुलाच्या जिभेची चव बदलत नाहीं. ती जीभ खोटें बोलावयास मात्र शिकते.

मग ज्याला जें हवें तें त्यानें खावें काय? इतकी मोकळीक देण्यासही माझें मन घेईना, आणि याचें कारण माझा एक जुना विद्यार्थी. तो कारंज्याच्या जैन कुटुंबांतला. सहलीच्या गाडीला उशीर झाला, दिवस मावळला आणि इतर मुलें धाब्यावर तुटून पडलीं, तेव्हां हा शांतपणें पाण्याचा पेला घेऊन बसला होता. घरून फार कडक ताकीद आहे काय, असें मीं विचारलें. तो म्हणाला, ‘ताकीद नाही सर, आमच्याकडं दिवस मावळल्यावर कोणीच खात नाही.’ त्या उत्तरावर मीं पुष्कळ विचार केला. जो नियम करणाऱ्यालाही बांधतो, त्याला मुलें सक्ती म्हणून ओळखतच नाहींत. इकडे मुलाला पुड्यांवरून बोलणारा मी रात्रीं दहा वाजतां शेव-चिवड्याचा डबा काढून बसत होतों!

असा सक्ती आणि स्वातंत्र्य यांचा तोल मी महिनेच्या महिने साधीत बसलों होतों. एखादा निबंधही लिहून झाला असता. तेवढ्यांत मुलीच्या महाविद्यालयांत रक्ततपासणीचें शिबिर झालें. तिचें हिमोग्लोबिन ८.९ निघालें. तें निदान १२ असावयास हवें.

मी प्रथम यंत्रालाच दोष दिला. ही मुलगी तर जेवणांत कधीं कुरकुर करीत नसे. पाहुण्यांपुढें तिचें कौतुक करतांना मीं हें अभिमानानें सांगितलेलें आहे. मग तिच्या आईनें जें एकेक करून सांगितलें, तें सगळें माझ्या डोळ्यांसमोरच घडलेलें होतें. मी आणि मुलगा आधीं बसत असूं. ती आईबरोबर मागाहून. मुलगा पानावरून रुसून उठला कीं त्याच्यासाठीं निराळें कांहीं तरी तव्यावर पडे, आणि त्यानें टाकलेली भाकरी वाया जाऊं नये म्हणून ती ही खाई. भाजी संपली असली तर चटणीवर भागवी. सोमवार, चतुर्थी आईबरोबर धरी. पुस्तकावर तिचा डोळा लागे, वाचलेलें आठवत नसे, त्याचें खापर आम्हीं मोबाइलवर फोडलें होतें. डॉक्टरांनीं लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणाबरोबर चहा घेऊं नको म्हणून बजावलें. जेवणाच्या जागीं ती बहुधा चहाच घेत आली होती, हें त्यांना कोणी सांगितलें नाहीं.

२०१६ ते १८ या काळांत झालेल्या राष्ट्रीय पोषण पाहणींत दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ४० आणि मुलग्यांपैकीं शेंकडा १८ रक्तक्षयी आढळले. या अंतरांत निसर्गाचा वाटा आहेच. पण पंक्तींत कोण आधीं बसतो आणि कोण मागाहून, याचाही आहे असें मला आतां वाटतें. २०१८ सालीं केंद्र सरकारच्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादींत वाशिमचें नांव आलें, तेव्हां आम्हां प्राध्यापकमंडळींत त्यावर पुष्कळ चर्चा झाली. कोणाच्या घरच्या पंक्तीचा विषय तींत निघाला नाहीं.

छांदोग्य उपनिषदांत उद्दालक ऋषि आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस अन्नावांचून राहावयास सांगतो. पाणी मात्र हवें तितकें. मग वेद म्हण म्हटल्यावर त्या विद्वान मुलाला कांहीं आठवत नाहीं, आणि जेवून आल्यावर सगळें आठवतें. मन अन्नमय आहे, हें बापानें त्याला असें शिकविलें. ही कथा मी दरवर्षीं वर्गांत सांगतों. उद्दालकानें निदान सांगून आणि दिवस मोजून उपाशी ठेवलें होतें.

मुलाच्या नकाराला मीं स्वैराचार म्हटलें आणि मुलीच्या नकाराला सद्गुण. वस्तुतः त्याच्या हट्टांत आपल्याला भूक आहे आणि आपला कांहीं हक्क आहे, एवढी जाणीव तरी होती. तिला ती कोणी येऊंच दिली नव्हती. आणि ज्याला ‘हवें’ म्हणण्याची मुभाच नाहीं, त्याच्या ‘नको’ला संयम म्हणावें काय? सक्तीचा प्रश्न मी दोन वर्षें चुकीच्या पानावर सोडवीत होतों.

आतां चौघांनीं एकदमच जेवावयास बसावयाचें, असा नियम मीं केला. अर्थात् नेहमीप्रमाणें कोणाला न विचारतां. पत्नीनें ऐकून घेतलें आणि म्हणाली, ‘चौघं एकदम बसलो, तर तव्यावरची गरम भाकरी आणायची कोणी?’ मुलानें माझ्याकडे पाहिलें. मजजवळ उत्तर नव्हतें. त्या रात्रीं सर्वांनीं गार भाकरी खाल्ली. मुलगा भाकरीवरून कुरकुरला, पण उठला नाहीं. मुलीची दुसरी भाकरी संपत आली तेव्हां मीं तिसरी तिच्या पानाकडे नेली. ‘नको बाबा, खरंच नको,’ ती म्हणाली. तें ‘नको’ पोट भरल्याचें होतें कीं सवयीचें, हें मला अजून ओळखतां येत नाहीं.