जामीन आणि पहारेकरी

ज्या मुलाच्या हातून अपराध घडला त्यास कोंडून न ठेवता, काही अटींवर व कोणाच्या तरी देखरेखीखाली घरी राहू द्यावे, ह्या रीतीस कायद्याच्या भाषेत प्रोबेशन म्हणतात. ही रीत दयेची आहे, ह्याविषयी सहसा कोणी शंका घेत नाही. कोठडीपेक्षा घर बरे, हे कोण नाकारील? तथापि अमेरिकेत मुलांच्या कल्याणासाठी झटणारी माणसेच आता असे म्हणू लागली आहेत की, प्रोबेशन फार थोड्या मुलांपुरते ठेवावे, आणि बाकीच्यांस न्यायासनाच्या पायरीवरूनच परत फिरवावे. केसी फाउंडेशन नामक संस्थेने २०१८ साली हीच मागणी सविस्तर मांडली. वाचकास हे प्रथम चमत्कारिक वाटेल. दयाळू मनुष्यानेच दयेस आवर घाला असे का म्हणावे?

उत्तरासाठी ह्या रीतीच्या उगमाकडे गेले पाहिजे. बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा एक जोडे शिवणारा कारागीर होता. १८४१ साली तो तेथील पोलीस कोर्टात बसला असता एका दारुड्यास शिक्षा होण्याची वेळ आली. ऑगस्टस त्या अनोळखी मनुष्यास जामीन राहिला. तीन आठवड्यांनी तो परत न्यायाधीशापुढे उभा राहिला तेव्हा ओळखूही येईना, इतका पालटला होता. त्यास एक सेंट एवढाच दंड झाला. पुढे हा कारागीर मुलांनाही जामीन राहू लागला. १८४७ साली त्याने सात ते पंधरा वर्षांची एकोणीस मुले अशा रीतीने सोडविली. दर महिन्यास तो कोर्टात जाऊन त्यांची हकीकत सांगे, आणि असे पाच-सहा महिने चाले. आपला धंदा मागे पडला तरी त्याने हे काम सोडले नाही. ज्या कोर्टाच्या शिपायांना प्रत्येक कैद्यामागे दस्तुरी मिळे, ते मात्र त्याच्यावर फार चिडत! १८५९ साली तो वारला.

आता ह्यात मर्म काय आहे ते पाहा. ऑगस्टस त्या मुलांचा पहारेकरी नव्हता, जामीन होता. मूल चुकले तर पैसा त्याचा बुडणार आणि शब्द त्याचा खाली पडणार. म्हणजे मुलाच्या चुकीचा भार त्याने आपल्या अंगावर घेतला होता, आणि म्हणूनच मुलास काम, शाळा व निवारा मिळवून देणे त्यास भाग होते.

त्याच्या मरणानंतर १८७८ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने बोस्टनसाठी पगारी प्रोबेशन अधिकारी नेमण्याचा कायदा केला. १८९९ साली शिकागो येथे मुलांसाठी पहिले स्वतंत्र न्यायालय निघाले, आणि ही रीत देशभर पसरली. पसरता पसरता तिचा आत्मा मात्र पालटला. एका अधिकाऱ्याकडे पुष्कळ मुले आली. मुलागणिक वेळ उरला नाही, तेव्हा वेळेची जागा अटींनी घेतली. अमक्या वाजता घरात असावे, शाळा चुकवू नये, अमक्याशी बोलू नये, ठरल्या दिवशी हजेरी द्यावी. अट मोडली की पुन्हा न्यायासन, आणि पुष्कळदा कोठडी. चौदा वर्षांचे कोणते मूल शाळा चुकवीत नाही? शेजारच्या मुलाने शाळा चुकविली तर त्याची आई रागावते. ह्याने चुकविली तर तो कायद्याचा भंग ठरतो. मूळ अपराध बाजूस राहून, ज्यास अपराधही म्हणता येत नाही अशा गोष्टीसाठी मुले अडकत जातात.

ही दया किती जड होऊ शकते ह्याचे उदाहरण ॲरिझोना राज्यात १९६४ साली घडले. जेराल्ड गॉल्ट हा पंधरा वर्षांचा मुलगा आधीच प्रोबेशनवर होता. त्याने शेजारणीस दूरध्वनीवरून असभ्य भाषा वापरली, असा त्याच्यावर आरोप आला. वकील दिला नाही. आरोप करणारी बाई न्यायाधीशापुढे आली नाही. आणि मुलास एकवीस वर्षांचा होईपर्यंत सुधारशाळेत ठेवण्याचा हुकूम झाला. तोच बोल एखाद्या प्रौढाने बोलला असता तर त्यास पाच ते पन्नास डॉलर दंड, नाहीतर फार तर दोन महिने कैद झाली असती. मुलाचे हित पाहावयाचे म्हणून सहा वर्षे! १९६७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा हुकूम अन्यायाचा ठरविला. जी दया शिक्षेपेक्षा अधिक काळ मनुष्यास धरून ठेवते, तिला दया हे नाव द्यावे काय?

शिवाय फळाचाही हिशेब झाला आहे. मुलांस न्यायालयात चालविणे आणि बाहेरच्या बाहेर सोडणे, ह्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तुलना करणारे २९ प्रयोग २०१० साली एकत्र तपासण्यात आले. त्यांत सात हजारांहून अधिक मुले होती. न्यायालयात चालविल्याने पुढील अपराध कमी होतात, असे काही आढळले नाही.

आता कोणी म्हणेल, ज्याची शेळी चोरीस गेली त्याचे काय? मुलास परत फिरविले म्हणजे त्याला न्याय मिळाला का? हा आक्षेप खरा आहे, आणि परत फिरविणे म्हणजे नुसते सोडून देणे असा अर्थ करणाऱ्यांस ह्याचे उत्तर देता येणार नाही. न्यूझीलंड देशाने १९८९ च्या कायद्यात ह्याची सोय केली. तेथे लहानसहान अपराध पोलीसच समज देऊन मिटवितात. मोठ्यांसाठी मुलगा, त्याचे कुटुंब आणि ज्याचे नुकसान झाले तो मनुष्य, असे एकत्र बसून भरपाई कशी व्हावी ते ठरवितात. तेथील माओरी लोकांच्या चालीरीतींचा ह्या कायद्यावर परिणाम झालेला आहे. कोर्टात मुलास तोंड उघडावे लागत नाही. येथे त्यास शेळीच्या धन्याच्या डोळ्यांस डोळा द्यावा लागतो, आणि हे काही सोपे नव्हे. मात्र एक सावधगिरी ठेविली पाहिजे. पूर्वी ज्या मुलास नुसते दटावून घरी लाविले असते, त्यासही ‘सोय आहे’ म्हणून कार्यक्रमात ओढण्याचा मोह होतो. मग फाटक उघडण्याऐवजी जाळेच मोठे होते.

आपल्या देशाचा २०१५ चा बाल न्याय कायदा मुलास न्यायप्रक्रियेपासून दूर वळविणे हे तत्त्व म्हणूनच सांगतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे, अपराध अति गंभीर असल्याशिवाय अथवा तो प्रौढांच्या संगतीने घडल्याशिवाय, मुलाविरुद्ध प्रथम खबर नोंदवावयाची नसते. ठाण्याच्या रोजनाम्यात टिपून त्याच्या घरच्या स्थितीची माहिती बाल न्याय मंडळाकडे धाडावयाची असते. मुलास पोलीस कोठडीत ठेवण्याची मनाई आहे. खेड्यात हे ठाऊक नसते, आणि बाप घाबरून दलालाचे घर गाठतो.

त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. मंडळ मुलास चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडते तेव्हा तो आईबापांच्याच हवाली झाला पाहिजे असे नाही. कोणी योग्य व्यक्ती हमीपत्र लिहून देईल तर तिच्या स्वाधीनही त्यास करता येते. ही मुदत तीन वर्षांहून अधिक नसते. म्हणजे बोस्टनच्या त्या कारागिराची जागा कायद्याने अजून राखून ठेविली आहे. ती घेणाऱ्यास तारखेस स्वतःचे भाडे खर्चून तालुक्या-जिल्ह्यास जावे लागेल, मुलास पुन्हा शाळेत घेण्याविषयी मास्तरांची विनवणी करावी लागेल, आणि तो एकदा-दोनदा घसरला तरी हमी मागे न घेण्याचे धैर्य ठेवावे लागेल. मुदतीनंतर मुलाच्या दोषसिद्धीचे कागद नष्ट करावे असेही कायदा सांगतो. अति गंभीर अपराधाचा अपवाद आहे. परंतु हा नियम दप्तरास लागू आहे, पारावरच्या बोलण्यास नाही, आणि तेथे त्या मुलाचे नाव निघाले म्हणजे त्याची बाजू घेऊन बोलण्यास जामिनासच बसावे लागते.