चहाडी आणि वर्दी

सरकारदरबारी खबर पोचवण्याला आपल्या भाषेत दोन शब्द आहेत : चहाडी आणि वर्दी. पहिल्याची आपल्याला लाज वाटते. दुसरा कर्तव्यात मोडतो. रस्त्याच्या कडेला टाकून दिलेली गाडी दिसली, की या दोहोंमधली रेघ नेमकी कोठे, असा प्रश्न मला पडतो.

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीचे नाव २०२३ च्या उपोषणामुळे घरोघर पोचले. पण तो मुलूख उसाचाही आहे. वडीगोद्रीवरून धुळे-सोलापूर महामार्ग जातो आणि अंकुशनगरचा साखर कारखाना याच तालुक्यात आहे. हंगामात भरल्या ट्रॉलीचे चाक बसते. चालक मागे चार धोंडे रचतो, बाभळीची फांदी ठेवतो आणि निघून जातो. रात्री मोटारसायकलवरून येणाऱ्याला ती ट्रॉली दिसते, ती अगदी अंगावर आल्यावरच.

कायदा याबाबत मुका नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२७ व्या कलमाप्रमाणे सार्वजनिक जागी १० तास सोडून दिलेले वाहन हलवण्यास गणवेशातील पोलीस अधिकारी फर्मावू शकतो. वाहतुकीला धोका असेल तर लगेच. खर्च मालकाच्या माथी. पण कायद्याच्या कानावर कोणी तरी घालावे लागते. पोलीस पाटलाला किंवा गोंदीच्या ठाण्यात सांगायचे, तर ट्रॉली असते भावकीतल्याच कोणाची, आणि तिचे हप्तेही थकलेले.

शहरात अडचण उलटी. १२ मार्च १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर वरळीत बेवारस सापडलेल्या मारुती गाडीने तपासाला महत्त्वाचा धागा दिला. तरीही एरवी धूळ खात उभ्या गाडीजवळून आपण मुकाट्याने जातो. शहरात गाडी कोणाची हे कोणालाच ठाऊक नसते म्हणून, आणि खेड्यात ते सर्वांनाच ठाऊक असते म्हणून, माणसे गप्प बसतात.

मला वाटते, जे मालकाच्या तोंडावर सांगण्याची छाती नाही, ती चहाडी. जे त्याला सांगून, स्वतःच्या नावानिशी सांगितले, ती वर्दी. दिवसाउजेडी आधी त्याचे दार ठोठवावे. अंधार पडला असेल तर मात्र आधी ११२ फिरवावा आणि मग त्याच्या दारी जाऊन ‘वर्दी मी दिली’ म्हणून सांगावे.

गरीब मालक दंडाने आणखी खचेल, हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच वर्दी देणाऱ्याने ट्रॉली ओढायला आपला ट्रॅक्टरही जोडावा आणि मागे राहिलेले धोंडे उचलावेत. भावकी रुसेल, पण रुसलेला माणूस पोळ्यापर्यंत पुन्हा बोलू लागतो. अंधारात धडकलेल्याच्या घरी मात्र समजूत घालायलाही कोणी उरत नाही.

आणि वाहनाला बेवारस म्हणतो तेही चूकच. त्याच्या कागदावर कोणाचे तरी नाव असतेच. बेवारस झालेला असतो तो रस्ता. वर्दी देणारा त्याचा वारस होतो.