दिवा विझवलास म्हणजे सर्व्हिस झाली?

बस समोर, आणि तो मोबाइल खिशात ठेव. डॅशबोर्डवरचा सर्व्हिसचा दिवा कोणाच्या सांगण्यावरून रिसेट करून घेतलास? वर्कशॉपने दीड लाखाचं एस्टिमेट दिलं, तुझे डोळे पांढरे झाले. मग कुठल्याशा गॅरेजमध्ये नुसतं इंजिन ऑइल आणि फिल्टर बदललंस, तिथल्या पोराच्या हातावर पाचशे रुपये ठेवून दिवा विझवायला लावलास, आणि वर मला सांगतोस, "सर, सव्वा लाख वाचवले." काही वाचवले नाहीस. पुढे ढकललेस. यातलं ज्याला ओ की ठो कळत नाही त्याने हे केलं असतं, तर मी शांतपणे समजावलं असतं. तू ऑटोमोबाइलचा डिप्लोमा घेतलेला माणूस आहेस. तुला झापणारच.

सहा वर्षं वापरलेली बीएमडब्ल्यू निम्म्याहून कमी किमतीत मिळाली म्हणून घेतलीस. घ्यायला हरकत नव्हती. पण जुनी झाली म्हणून गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. ब्रेक डिस्कचा जो भाव नव्या गाडीच्या मालकाला, तोच तुला. हत्ती घ्यायचा तर चाऱ्याचा हिशेब आधी करावा लागतो. बेचाळीस हजारांचा हप्ता तू बिनचूक भरतोस, कारण तो बँक कापून घेते. त्याच तारखेला दहा हजार वेगळ्या खात्यात टाकले असतेस, तर वर्षाला एक लाख वीस हजार जमले असते, आणि मोठी सर्व्हिस काही दरवर्षी येत नाही. पैसा नव्हता असं मला सांगू नकोस. गेल्याच महिन्यात नवे अलॉय बसवलेस ना?

आता ब्रेक फ्लुइड. त्या एस्टिमेटमधली सगळ्यात किरकोळ रकमेची ओळ, आणि नेमकी तीच तू खोडलीस. फळ्यावर लिहून दिलं होतं मी: डॉट 4 फ्लुइडचा उकळबिंदू कोरडं असताना किमान 230 अंश, आणि ओल धरल्यावर तो 155 पर्यंत खाली येऊ शकतो. हे फ्लुइड हवेतली ओल शोषतं, गाडी चालो वा न चालो. म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचं असतं. तू रोज कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरतोस, आणि पावसाळ्यात बायकामुलांना घेऊन ताम्हिणीतून कोकणात. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबला की कॅलिपर तापतो, जुनं फ्लुइड उकळतं, पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. पेडल सरळ तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. त्या वेळी बोनेटवरचा बिल्ला कामाला येत नाही.

"सर, गाडी वर्षाला आठ हजारच किलोमीटर चालते." ही सबब तर मला मुळीच सांगू नकोस. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणारं इंजिन किलोमीटर मोजत नाही. ऑइल तापतं, काळं पडतं, त्यात काजळी साठते. वेळापत्रकात किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. ते "किंवा" तू वाचलंच नाहीस.

गिअरबॉक्सचंही तेच. तुझ्या गाडीतला आठ गिअरचा ऑटोमॅटिक झेडएफ कंपनीचा आहे. गाडीची कंपनी त्या ऑइलला आयुष्यभराचं म्हणते, म्हणून ते सर्व्हिसच्या यादीत येत नाही. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः सांगते, 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला किंवा 8 वर्षांत बदला. तुझं रीडिंग 92,000 आहे. हे काम आपणहून मागायचं असतं. ते टाळून गिअरबॉक्स उघडायची वेळ आली, तर आजचं एस्टिमेट तुला स्वस्त वाटेल.

वर्कशॉपचे भाव अवाच्या सवा असतात ही तुझी तक्रार खोटी नाही. 2014 च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींवर दंड ठोठावला. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, स्कोडा, फोक्सवॅगन त्यात होत्या, आणि आपल्या टाटा-मारुतीही. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देता ग्राहकाला आपल्याच दावणीला बांधून ठेवणं, हा ठपका होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. म्हणजे भांडायला जागा आहे. पण भांडायचं कागद हातात घेऊन, काम टाळून नव्हे.

तू एस्टिमेट नीट वाचलंस तरी का? मी वाचलं. इंजिन फ्लश, एसी ट्रीटमेंट, अंडरबॉडी कोटिंग, कंडिशनिंग, असे बावीस हजार रुपये वेळापत्रकात नसलेल्या गोष्टींचे आहेत. कागदावर ते निमूटपणे तसेच ठेवलेस आणि ब्रेक फ्लुइडवर काट मारलीस! पुढच्या ब्रेक पॅडपुढे "बदलणे" लिहिलंय, किती मिलिमीटर उरलेत ते लिहिलेलं नाही. विचारायचं. चाक काढून दाखवा म्हणायचं. डिस्कची जाडी मोजून घ्यायची, किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. व्हर्नियर धरायला मी शिकवलाय तुला.

वॉरंटी संपलेली आहे, तेव्हा सगळं काम कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये करायची सक्ती नाही. या गाड्यांचं डायग्नोस्टिक मशीन असलेली, पक्कं बिल देणारी गॅरेज पुण्यात आहेत. झेडएफचाच ऑइल किट घे, ज्यांनी मूळ पॅड बनवले त्यांचेच पॅड घे, बिलावर पार्ट नंबर लिहून घे. खोक्यावर नुसती नक्षी असलेला डुप्लिकेट माल घेऊ नकोस. आणि सुट्या भागांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, तो हिशेब बिलात तपास.

आणखी एक. ही गाडी दोन वर्षांनी विकेन म्हणतोस. तो विझवलेला दिवा बघून घेणारा तुझ्यावर विश्वास ठेवेल. अशी फसवणूक माझ्या हाताखालून गेलेल्या मुलाने करायची नाही. काय झालं आणि काय राहिलं, ते वहीत तारखेनिशी लिही आणि विकताना ती वही त्याच्या हातात दे.

उद्या सकाळी गॅरेजला फोन कर. ब्रेक फ्लुइड आधी, पॅड आणि डिस्क मोजून त्यानंतर, गिअरबॉक्सचं ऑइल याच महिन्यात. फ्लुइड बदलेपर्यंत गाडी घाटात न्यायची नाही आणि मुलांना तिच्यात बसवायचं नाही. काम झालं की बिल घेऊन माझ्याकडे ये.