पंढरी सोडवेना, तरीही

सुट्ट्या लागल्या की घरोघरी वाद ठरलेला. कुणाला मनाली हवी, कुणाला औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेऊन संध्याकाळी घरी परतायचं असतं, तर कुणाला मामाच्या गावी नुसतं लोळायचं असतं. मग टोमणे सुरू. ‘एवढा पैसा घालून काय पाहिलंत?’ ‘हे काय फिरणं झालं?’ हे टोमणे मला फार लागतात.

आपल्या नर्सीचे संत नामदेव आठवा. ज्ञानदेवांना तीर्थयात्रेची ओढ होती, नामदेवांचा जीव मात्र पंढरीत गुंतलेला. निघताना झालेली त्यांची घालमेल ‘तीर्थावली’च्या अभंगांत आहे. ज्ञानदेवांनी त्यांना हिणवलं नाही, प्रेमानं सोबत नेलं. सगळी तीर्थं पाहूनही नामदेवांना पंढरीच गोड वाटली, आणि तेही त्यांनी मोकळेपणी सांगितलं. पुढं तेच नामदेव पंजाबात घुमानपर्यंत पोचले. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत.

आज नर्सीला टाळ वाजवत वारकरी येतात, तसे नांदेडला हजूर साहिबचं दर्शन घेऊन शीख भाविकही येतात. कुणी पायी, कुणी गाडीनं.